पंचमीची भरती आणि नागपूरचा घाम

नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागायला आठवडा होता आणि नागपूरचा पारा 45 ला टेकला होता. अशा दिवसांत आम्ही दोघे मित्र कोकणात, गुहागर तालुक्यात जाऊन पोचलो. वेळणेश्वरहून हेदवीला किनाऱ्याकिनाऱ्याने पायी जायचं, एवढाच बेत. मोबाईल तापमान दाखवत होता 33. मित्र नागपूरच्या महाल भागातला. तो हसला. "हे काय ऊन होय बे? एवढं तं आपल्याकडे होळीलेच राह्यते."

तासाभरात हाच गडी पाखाडीच्या, म्हणजे चढाच्या दगडी वाटेच्या, पायरीवर मटकन बसला. कपाळावरून, हनुवटीवरून, कोपरावरून घाम टपकत होता आणि जांभ्या दगडावर त्याचे काळे ठिपके पडत होते. मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिलो, कारण आमचं काय चुकलं ते तिथेच दिसत होतं. टपकलेला घाम वाया गेलेला घाम असतो.

घामाने अंग गार होतं असं आपण म्हणतो. खरं तर घाम उडून जातो तेव्हा अंग गार होतं. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच लिटर थेंबाथेंबाने जमिनीवर पडला, तर शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र जवळजवळ तशीच राहते. चढावर चालणारा माणूस साधारण 400 वॅट उष्णता तयार करतो. नुसती ती घालवायला तासाला जवळपास 600 मिलिलिटर घामाची वाफ व्हायला हवी. नागपुरात ती होते. हवा इतकी कोरडी असते की घाम फुटल्या फुटल्या उडतो, आणि संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले की मग कळतं, आपल्याला किती घाम आला होता. किनाऱ्यावरची हवा आधीच वाफेने भरलेली. तिच्यात आणखी वाफ मावायला जागाच नाही.

हे गणित प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे, फक्त तो ते कूलरच्या भाषेत बोलतो. मे महिन्यात खसच्या ताट्या ओल्या केल्या की खोलीत स्वेटर काढावा लागेल की काय असं वाटतं. मृगाच्या दोन सरी पडल्या की तोच कूलर नुसती दमट फुंकर मारतो आणि उशीचा अभ्रा चिकट होतो. कूलर बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते. माणसाची त्वचा म्हणजे चालता फिरता कूलरच आहे, आणि तो आम्ही वेळणेश्वरला, म्हणजे जणू जुलै महिन्यातच, नेऊन ठेवला होता.

तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की तापमान उतरत उतरत एका जागी थांबतं. ते वेट बल्ब तापमान. पाणी उडवून जास्तीत जास्त किती गार होता येईल, त्याचा हा तळ. नागपूरची 45 अंशांची दुपार, हवेत 15 टक्के आर्द्रता: वेट बल्ब 24 च्या आसपास. कोकणातली 33 अंशांची सकाळ, आर्द्रता 70 टक्के: वेट बल्ब 28 च्या वर. म्हणजे ज्या आकड्यावर मित्र हसला होता तो चुकीचाच आकडा होता. वेट बल्ब 35 झालं की सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असं मानलं जात होतं. अलीकडच्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांची शरीरंही 31 च्या आसपासच हार मानू लागलेली दिसली. यावरून नागपूरची दुपार निरुपद्रवी असं कोणी समजू नये. तिथे हवाच कातडीपेक्षा तापलेली असते, घाम उडतो पण भरून काढायला पाणी पुरत नाही, आणि उष्माघाताने माणसं जातात. दोन्हीकडे धोका आहे. सवय मात्र एकीकडची दुसरीकडे फारशी कामाला येत नाही.

तर आम्ही रखडलो. नऊला निघालेले आम्ही, सडा ओलांडून उताराला लागलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. या किनाऱ्याची ठेवणच अशी की गाव खाली पुळणीच्या कुशीत आणि दोन गावांच्या मध्ये समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक. नाकावर चढलं की सडा: जांभ्याचं उघडंबोडकं पठार, झाडाचं नाव नाही. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोखंड, ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तो हा जांभा. वाळवीने खाल्ल्यासारखा भोकाभोकांचा. पावलाखाली तो सपाट कधीच नसतो, घोटा सतत सावध ठेवावा लागतो. पावसाळ्यात याच सड्यावर फुलांचे गालिचे पसरतात म्हणतात. आम्हाला तो तवा वाटला.

खाली उतरलो तर पुढची वाट खडपातून, म्हणजे समुद्राला लागून पसरलेल्या काळ्या कातळावरून जात होती. जात होती म्हणजे, जायला हवी होती. तिथे पाणी होतं. शेवटच्या घराच्या पडवीत एक काका सुपारी कातरत बसले होते. त्यांनी आम्हाला नखशिखांत बघितलं, घरात हाक मारून कोकम सरबत मागवलं (मीठ घातलेलं, आणि ते बरोबरच होतं, साखर आणि मीठ जोडीने असलं की आतड्यातून पाणी लवकर शोषलं जातं) आणि विचारलं, "आज तिथी कोणती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनीच उत्तर दिलं. "पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. तुम्ही यायचं होतं साडेनऊला, तेव्हा खडपात गुडघाभरही पाणी नव्हतं. तुमच्याकडे तिथी बघत नाहीत?"

"बघतो ना, एकादशीच्या उपासाला," मित्र म्हणाला.

काका हसले. "हां, तुमच्याकडे कुठली आलीय भरती."

तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितके वाजता भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. कोकणात हा हिशोब बोटांवर चालतो, आणि मला तो भरतीच्या छापील तक्त्यापेक्षा सुंदर वाटतो, कारण त्यात आकाश दडलेलं आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. पृथ्वी 360 अंश फिरायला 24 तास घेते, म्हणजे 12 अंशांना 48 मिनिटं. चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे पडते. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे पाऊण तास आणि वर तीन मिनिटं. ती तीन मिनिटं हिशोबात सोडून दिलेली आहेत. पौर्णिमेपर्यंत त्यांचा पाऊण तास साचतो, शिवाय बंदराबंदराप्रमाणे वेळ थोडी इकडेतिकडे होते. पण होडी लोटायची की थांबायची, एवढं ठरवायला हिशोब पुरतो.

पाणी किती चढेल हे वेगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात ओढतात, तो भांग. पायी चालणाऱ्याची यात मोठी पंचाईत होते. अष्टमीला ओहोटी अगदी भरदुपारी बारा वाजता मिळते, पण भांग असल्यामुळे पाणी फार मागे हटत नाही. अमावास्येला पाणी खूप मागे जातं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. आणि हे पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. रत्नागिरीकडे उधाणाला दोनेक मीटर, मुंबईत चार-पाच, तर खंभातच्या आखाताच्या निमुळत्या नरसाळ्यात कोंडून भावनगरला दहा मीटरच्या घरात.

"आता वरच्या रस्त्याने जा," काका म्हणाले. "उशीर केलात ते एका अर्थी बरंच. घळ भरात सापडेल."

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळापलीकडे ती बामणघळ आहे. काळ्या कातळात समुद्राच्या दिशेने उभी चिरलेली अरुंद भेग. साडेतीनला तिथे पोचलो. उधाण नव्हतं, तरी लाट भेगेत शिरली की आधी पोटातून यावा तसा हुंकार यायचा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पांढरा खांब डोक्याच्या कितीतरी वर. रुंद तोंडातून शिरलेलं पाणी आत अरुंद होत जातं, त्याला जायला एकच वाट उरते, वर. लाटेपुढे कोंडलेली हवा खडकाच्या बारीक चिरांत दाबली जाते आणि लाट मागे हटताच सुटते. वर्षानुवर्षं चाललेली ही दाब-सूट खडक उकलते. समुद्र पाण्याने फोडतो तितकाच हवेनेही फोडतो.

दूर सरकून मी कातळावर बसलो. अंगावर तुषार, हाताखाली काळा, बारीक भोकांचा दगड. हा मला ओळखीचा होता. नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीचा आहे, तोच हा. बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचं दख्खनचं पठार झालं. पश्चिमेला सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. पूर्वेकडे ते पातळ होत जातात आणि नागपुराशी संपतात, शहराच्या पूर्वेला खालचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी 1850 च्या आगेमागे नागपूरजवळ टाकळीला आणि सीताबर्डीला दोन लाव्हांच्या मधल्या थरातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म काढले. म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत तिथे तळी साचली होती आणि त्यांत जीव नांदत होते. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले असताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. समुद्रापासून इतक्या दूर, नाल्याच्या पाण्यात.

काकांना द्यायचं उत्तर मला तिथे बसल्यावर सुचलं. भरती फक्त पाण्याला येत नाही. चंद्र-सूर्य ओढतात ते अख्ख्या पृथ्वीला, आणि घन खडकही थोडा लवचीक असतो. आपल्या अक्षांशांवर जमीन दिवसातून दोनदा फूटभर वर उचलली जाऊन खाली बसते. आसपासचं सगळंच एकदम उचललं जातं म्हणून कळत नाही. जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटर घेराच्या कणत्वरकाला, म्हणजे सूक्ष्म कण प्रचंड वेगाने पळवणाऱ्या यंत्राला मात्र 1990 च्या दशकात ते कळलं. जमिनीच्या भरतीने त्याचा घेर मिलिमीटरभर बदलायचा आणि कणांची ऊर्जा मोजणाऱ्यांना तेवढा फरक हिशोबात धरावा लागायचा.

मित्राला हे सांगितलं. त्याने शर्ट पिळला, खडकावर पसरला, चार वाजत आले तरी तो ओलाच होता.

"म्हणजे बर्डीवरचा तो किल्लाही आत्ता वर-खाली होऊन राह्यला?"

"हो."

"अन् आपण भरती पाहाले इथवर आलो बे."