पन्नास टक्के कशाचे? भाषणातला शब्द आणि कागदावरचा शब्द

२०२५च्या जुलैत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. पंतप्रधानांचा फोटो, मागे पवनचक्क्या आणि खाली ठळक अक्षरांत: भारताची निम्मी वीज आता सौरऊर्जेतून. चहा संपायच्या आत तळमजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं, की हे सगळं थोतांड आहे, ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी दिलेला शब्द पाळलेला नाही, सत्तर टक्के वीज अजून कोळशाचीच. मग जे व्हायचं ते झालं. रात्री अकराला कुणीतरी गुलाबाचं फूल आणि शुभ रात्री टाकलं, तेव्हा कुठे भांडण थांबलं.

पोस्टर साफ चुकीचं होतं. काकांचा आकडा बरोबर होता, पण निष्कर्ष घाईचा. मुदत २०३०ची आहे, आणि मुळात शब्द एक नाही, दोन आहेत. एक भाषणात दिलेला, एक कागदावर लिहून दिलेला. दोन्हींत 'पन्नास टक्के' आहे आणि तिथेच सगळी गंमत आहे.

मी नाशकात गच्च्यांवर सोलर बसवायचा धंदा करतो. राजकारणात मला फारसा रस नाही. पण ज्या एका गोष्टीवरून माझी गिऱ्हाइकांशी वर्षभर हुज्जत चालते, तीच गोष्ट पार देशाच्या पातळीवर जाऊन बसलेली दिसली की हात शिवशिवतात.

भाषण तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. १ नोव्हेंबर २०२१, ग्लासगो, पंतप्रधानांची पाच वचनं, म्हणजेच पंचामृत. २०३०पर्यंत ५०० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, क्षमता, ऊर्जेची ५० टक्के गरज अक्षय ऊर्जेतून, अंदाजित कर्ब उत्सर्जनात १ अब्ज टनांची कपात, अर्थव्यवस्थेच्या कर्बतीव्रतेत (जीडीपीच्या रुपयामागे निघणाऱ्या धुरात) ४५ टक्के घट आणि २०७०पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा धूर सोडू तेवढा शोषून घेणं. स्पर्धा परीक्षेची पोरं हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

कागद मात्र फार कमी लोकांनी पाहिलाय. २०१५च्या पॅरिस करारात असं ठरलं, की प्रत्येक देशाने आपण काय करणार ते स्वतः ठरवून संयुक्त राष्ट्रांकडे लेखी द्यायचं. त्याला राष्ट्रीय निर्धारित योगदान म्हणतात, बोलताना सगळे एनडीसी म्हणतात. भारताने पहिला कागद करार होण्याच्या आधीच, २ ऑक्टोबर २०१५ला दिला. ग्लासगोनंतर तो सुधारला. ३ ऑगस्ट २०२२ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि २६ ऑगस्टला तो दाखल झाला. पाच अमृतांपैकी २०३०च्या मुदतीचे दोनच आकडे या कागदात उतरले. ५०० गिगावॅट हे सरकारचं उद्दिष्ट म्हणून राहिलं, ऊर्जा खातं त्यावर काम करतंच आहे, पण या कागदात ते नाही. १ अब्ज टनही नाहीत. २०७०चा सविस्तर मार्ग नोव्हेंबर २०२२मध्ये वेगळ्या दीर्घकालीन आराखड्यात दिला गेला. उतरलेल्या दोन आकड्यांपैकी ४५ टक्के तीव्रता जशीच्या तशी आली, फक्त २००५ हे आधारवर्ष स्पष्ट लिहिलं गेलं.

दुसरा आकडा ५० टक्के. आकडा तोच राहिला आणि शेजारचे तिन्ही शब्द बदलले.

भाषणात होतं: ऊर्जेची गरज, अक्षय स्रोतांतून. कागदात आहे: विजेची एकूण स्थापित क्षमता, बिगर-जीवाश्म स्रोतांतून. म्हणजे ऊर्जेची वीज झाली, गरजेची क्षमता झाली आणि अक्षयचं बिगर-जीवाश्म झालं.

पहिला आणि तिसरा बदल दोन ओळींत संपतो. ऊर्जा म्हणजे फक्त वीज नव्हे. ट्रॅक्टरचं डिझेल, स्कूटरचं पेट्रोल, शेगडीचा गॅस, अंबड-सातपूरच्या भट्ट्यांत जळणारं इंधन, हे सगळं ऊर्जेत येतं. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. आणि बिगर-जीवाश्म म्हटलं की सूर्य-वाऱ्याबरोबर अणुऊर्जाही आत येते. तारापूर आलं, कैगा आलं. इगतपुरीकडच्या वैतरणेच्या पाण्यावर चालणारं केंद्र दोन्हीकडे बसतं, त्याची अडचण नाही.

खरी मेख मधल्या शब्दात आहे. क्षमता.

गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, तीन किलोवॅट बसवलं तर किती वीज मिळेल?" मी म्हणतो, रोजचे सरासरी बारा युनिट धरा. त्यांच्याकडे कुणीतरी गणित करून दिलेलं असतं: तीन गुणिले चोवीस, बहात्तर. सूर्य चोवीस तास नसतो हे कळतं सगळ्यांना, पण किलोवॅट आणि युनिट एकच आहेत असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. आषाढात दिवसाला पाच-सहा युनिट निघायला लागले की फोन येतो, पॅनल खराब निघालं म्हणून. पॅनल ठीक असतं. आभाळ भरलेलं असतं.

किलोवॅट म्हणजे यंत्राची ताकद. युनिट म्हणजे त्या यंत्राने खरोखर केलेलं काम. तुमच्या बिलावर जे पैसे लागतात ते युनिटचे. वातावरणात जो धूर जातो तोही युनिटमागे जातो, बसवलेल्या किलोवॅटमागे नाही.

गिऱ्हाइकाला समजावताना मी रसवंती आणि पिठाची गिरणी घेतो. समजा, एका पेठेत पाच रसवंत्या आहेत आणि पाच गिरण्या. सगळ्यांच्या मोटारी पाच-पाच एचपीच्या. मोटारी मोजल्या तर निम्मी ताकद उसाची, निम्मी दळणाची, वाद नाही. पण रसवंती होळीच्या आसपास लागते आणि मृग लागला की तिच्यावर ताडपत्री पडते. तीही दुपारी जोरात, सकाळी घुंगरं गप्प. गिरणी मात्र बारमाही. वर्षाअखेरीला कोणत्या मोटारींनी किती काम केलं ते मोजा, निम्मं-निम्मं येणार नाही. पाच आणि पाच असूनही येणार नाही.

सोलर ही रसवंती आहे आणि कोळशाचं केंद्र ही गिरणी. (माझ्या धंद्यातले लोक ही उपमा ऐकून माझ्यावर चिडतात. चिडू देत.) आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. देशातली कोळशाची केंद्रं अलीकडे सरासरी ६५ ते ७० टक्के क्षमतेने चालतात, म्हणजे एका किलोवॅटमागे वर्षाला सहा हजारांच्या घरात युनिट. चौपट. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या कोळशाच्या केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण ६३० मेगावॅट. कोळशाच्या वाघिणी आल्या, संच धड असला आणि वरून मागणी आली, की तो रात्री दोनलाही चालतो. माझं पॅनल संध्याकाळी साडेसहाला हात वर करतं, नेमके शहरातले दिवे लागायच्या वेळी.

आता जुलै २०२५ची बातमी परत वाचा. सरकारने जाहीर केलं, की जूनअखेर देशाची एकूण स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट झाली आणि त्यातली सुमारे २४३ गिगावॅट, म्हणजे ५० टक्क्यांहून किंचित जास्त, बिगर-जीवाश्म आहे. कागदावरचा शब्द २०३०चा होता, तो पाच वर्षं आधी पूर्ण झाला. ही लहान गोष्ट नाही. २०१५च्या पहिल्या कागदात हेच उद्दिष्ट ४० टक्के होतं आणि तेव्हा तेही अनेकांना फार वाटलं होतं. ज्यांना हे कौतुक करताना जीभ जड होते त्यांचंही मला आश्चर्य वाटतं.

पण २०२४-२५ या वर्षात देशात तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशातूनच आली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं वाक्य मोटारींची मोजणी आहे, दुसरं दळणाची. आमचं पोस्टर मोटारी मोजून दळणाचा दावा करत होतं, वर अणुऊर्जा आणि धरणांची वीजही बिचाऱ्या सूर्याच्या खात्यावर टाकत होतं. काका नुसत्या विजेचं आजचं दळण मोजून २०३०चा शब्द आताच मोडला म्हणत होते.

भाषणातला शब्द, ऊर्जेच्या गरजेचा, अजून फार लांब आहे. पेट्रोल-डिझेलसकट निम्मी गरज २०३०पर्यंत अक्षय स्रोतांतून भागेल असं मला तरी दिसत नाही. तो शब्द तसाच लिहून दिला असता तर आज देश अडचणीत असता, म्हणून कागद लिहिणाऱ्याने तो जपून लिहिला, असं माझं मत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहून देताना माणूस जपूनच देतो, दुकानदारही कोटेशनमध्ये वेगळं लिहितो आणि गच्चीवर उभा राहून वेगळं बोलतो. तक्रार आहे ती दोन्ही एकच समजून छापणाऱ्यांची. 'अमुक प्रकल्पातून वर्षाला शंभर मेगावॅट वीज निर्माण होणार' हे वाक्य मी आजवर किती वेळा वाचलं असेल, गणती नाही. वर्षाला मेगावॅट निर्माण होत नाहीत हो. आणि 'मेगावॅट प्रति तास' लिहिणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

कागदाच्या त्याच वाक्याला एक शेपूट आहे, ते पोस्टरवर कधी येत नाही. हे उद्दिष्ट तंत्रज्ञानाचं हस्तांतरण आणि कमी व्याजाचा आंतरराष्ट्रीय पैसा यांच्या मदतीने गाठायचं, असं त्यात लिहिलंय. भाषणातही श्रीमंत देशांकडे १ लाख कोटी डॉलर मागितले होतेच. आणि कागद मोडला तर दंड होतो का, असं लोक विचारतात. नाही. ठरवलेलं गाठलं नाही म्हणून पॅरिस करारात शिक्षा नाही. पण केलेल्या कामाचा अहवाल ठरलेल्या काळाने द्यावा लागतो, आणि तो कुणालाही वाचता येतो.

तीव्रतेचा घोळ थोडक्यात. ४५ टक्के घट म्हणजे एकूण धूर ४५ टक्के कमी असं नव्हे. जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागे निघणारा धूर कमी. क्विंटलभर कांद्यामागे डिझेल कमी लागायला लागलं, पण कांदा दुप्पट पिकवला, तर टाकी जास्तच रिकामी होणार. सरकारच्या अहवालानुसार २००५ ते २०२० दरम्यान ही तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. त्याच काळात देशाचं एकूण उत्सर्जन वाढलं. यात फसवणूक कुठेही नाही, आपण मोजलंय काय तेवढं वाचावं.

आणि झाडं. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, नाशकातल्या तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात वाद पेटला, तेव्हा आमच्या ग्रुपवर परत ग्लासगो निघालं. जगापुढे पर्यावरणाचा शब्द देता आणि इथे कुऱ्हाड चालवता, असं एक जण म्हणाला. पंचामृत उघडून बघा, त्यात झाडांबद्दल एक अक्षर नाही. झाडं आहेत ती कागदात, आणि तीही २०१५पासून: जंगल आणि वृक्षाच्छादन वाढवून २०३०पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कर्ब-वायू शोषून घेण्याची जादा सोय करायची. म्हणजे सगळे ज्या भाषणाचा हवाला देत होते त्यात झाडं नव्हती, आणि ज्या कागदात होती तो कुणी उघडला नव्हता.

पण कागद उघडूनही तपोवनाचा प्रश्न सुटत नाही, कारण तिथला हिशेब टनांचा आहे. इथलं झाड तोडून कुठेतरी लांब दहा रोपं लावली, ती जगली, तर टनांचा ताळेबंद जुळू शकतो. गोदाकाठी दुपारी टेकायला येणाऱ्या माणसाचा आणि त्या झाडावरच्या पाखरांचा ताळेबंद त्याने जुळत नाही. हवामान बदल वेगळा आणि पर्यावरण रक्षण वेगळं, ते इथे. तपोवनातलं झाड वाचवायचं असेल तर ग्लासगो नको आणि एनडीसीही नको. आपल्या राज्याचा १९७५चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे, लेखी हरकत घेता येते. हे मी ग्रुपवर टाकलं. तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, हरकतीचा अर्ज कुठे मिळतो.