‘ऑल थिंग्ज मस्ट पास’: एलपी घरी नेल्यावर
कोकणातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बीटल्स हा इंग्लिश बँड फुटल्यावर त्यातल्या जॉर्ज हॅरिसनने नोव्हेंबर 1970मध्ये काढलेला हा अल्बम. तीन तबकड्या, सहा बाजू. त्यातली तिसरी तबकडी म्हणजे स्टुडिओतली मोकळी मैफल. तुम्ही घेतलेली आवृत्ती 2021ची आहे आणि ती जुन्या छपाईची नक्कल नाही. मूळ टेपवरून पॉल हिक्स यांनी मिक्सच, म्हणजे गळा आणि वाद्यांची जुळणीच, नव्याने केलं आहे. फिल स्पेक्टर यांच्या निर्मितीतला घुमारा उतरलाय, गळा पुढे आलाय. तो घुमारा आता जास्त वाटतो, असं हॅरिसनने स्वतःच 2001च्या आवृत्तीसोबत लिहिलं होतं. जुनी एलपी ऐकून कान तयार झालेल्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. तो छपाईचा दोष नव्हे, त्यासाठी बदलून मिळणार नाही.

बदलून मिळेल ते असं. तबकडी फिरताना बाजूने बघा. सुई हलकी वरखाली होत असेल तर चालतं. ती उडत असेल तर तबकडी वाकलेली आहे. सुईचा दांडा डावीउजवीकडे डुलत असेल आणि लांबलेला सूर हेलकावत असेल, तर भोक मधोमध पडलेलं नाही. तिसरा दोष ओळखायला कठीण: कापड फाटल्यासारखा खर्र आवाज, बहुधा एकाच स्पीकरमधून. छापताना पीव्हीसी, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, खाचेत (सुई जिच्यातून फिरते त्या रेघेत) पुरतं भरलं नाही की असं होतं, आणि धुऊन ते जात नाही. सहाही बाजू सात दिवसांत ऐका. दर 1.8 सेकंदांनी ठक्क वाजत असेल तर तो एकाच जागचा ओरखडा किंवा पुटकुळी, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो.

नवी तबकडीही एकदा धुवावी; पाकिटाच्या कागदाचा भुगा खाचेत असतो. 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरेत. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात आणि मग तेच वाजतात. बुरशी असेल तर या पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिसळा. मात्र हेच पाणी आजोबांच्या नाट्यपदांच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्या एलपीच्या टर्नटेबलच्या सुईवर वाजवायच्याही नाहीत. त्यांची खाच रुंद, सुई वेगळी.

आता पावसाळा. खरं सांगायचं तर पीव्हीसीला दमटपणाचं काही वाटत नाही. आधी जातो तो पुठ्ठा. कव्हरच्या कडेला पांढुरके ठिपके येतात, तिथून बुरशी आतल्या कागदावर आणि मग खाचेत उतरते. म्हणून मिरगाच्या आधीच आतली कागदी पाकिटं काढून पॉलिथिनचं अस्तर असलेली घाला. बाहेरचं कव्हरही पॉलिथिनचंच हवं. जाड, चकचकीत पीव्हीसी कव्हर दिसायला छान, पण त्यातला मऊ करणारा पदार्थ कालांतराने तबकडीवर धुरकट डाग पाडतो. कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. एलपी उभ्याच ठेवा, कलत्या किंवा एकावर एक नकोत. सिलिका जेलच्या पुड्या कपाटाचं दार घट्ट लागत असेल तरच उपयोगी. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तापवून परत वापरा. आणि उन्हात उभ्या गाडीत एलपी विसरू नका. ती वाकली की सरळ होते असं सांगणारे पुष्कळ भेटतील.

खारं वारं तबकडीपेक्षा यंत्राला छळतं. मागच्या वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढला की एक स्पीकर मुका होतो. दर दोन-तीन महिन्यांनी टोकं काढून पुसा. घूं असा आवाज येत असेल तर अर्थची बारीक वायर आधी तपासा. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर लिहिलेला असतो, साधारण दीड ते दोन ग्रॅम. कमी भार म्हणजे तबकडी जपणं, असा समज आहे. पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते.

सौदीहून आणलेली जुनी टर्नटेबलं इकडे बरीच घरांत आहेत. तिथली वीज 60 हर्ट्झ, आपली 50. सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी मोटर, असेल तर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांचा वेग 27.8वर येतो आणि गाणारा माणूस झोपेत गायल्यासारखा वाटतो. स्टॅबिलायझर लावून हे सुटत नाही, कारण तो व्होल्टेज सांभाळतो, हर्ट्झ नाही. मोटरवरची पुली 1.2 पट व्यासाची लागते. दुकानात येताना मोटरवरच्या पट्टीचा फोटो आणि जुनी पुली घेऊन या.