साखरपुड्याचा व्हिसा वेगळा, लग्नाचा वेगळा

ठाण्यात, नौपाड्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलगा अमेरिकन, तिकडेच जन्मलेला, हिंदू नाही. घरच्यांनी हौसेला मोल ठेवलं नाही. भटजी बोलावले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली, हार घातले. आत्याने तर ‘फोटोपुरतं’ म्हणून तिच्या गळ्यात मंगळसूत्रही घातलं. पुढे व्हिसाच्या फाइलला जोडायला तेच फोटो काढले, तेव्हा वकीलबाईंनी चष्मा वर करून विचारलं, “लग्न झालंय की व्हायचंय?”

सगळी मेख या प्रश्नातच आहे. ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेचा के-१ व्हिसा, ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी सीआर-१. मधलं काही नाही. मुलीचा बेत के-१ चा होता, आणि फोटोत तर नवी नवरी बसलेली! लग्न झाल्याचा संशय आला तर के-१ नाकारला जाऊ शकतो. बरं, सीआर-१ मागावा तर हातात लग्नाचा दाखला नाही.

गंमत म्हणजे कायद्याने ते लग्न नव्हतंच. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. इथे एक जण हिंदू नाही, म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. मुलगी ठाण्याचीच, त्यामुळे ते सुटतं. पण विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली की पुढे ३० दिवस थांबावंच लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न उरकावं लागतं. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणाऱ्या मुलाला हे कसं जमायचं? म्हणून अशी जोडपी के-१ कडे वळतात.

के-१ साठी अर्ज अमेरिकन नागरिकच करू शकतो, ग्रीन कार्डवाल्याला, म्हणजे नागरिक नसलेल्या कायम रहिवाशाला, ती सोय नाही. ग्रीन कार्डवाल्याने लग्न करूनच बायकोसाठी अर्ज करायचा, आणि तो वेगळ्या रांगेत जातो. शिवाय अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. रोज रात्री दोन तास व्हिडिओ कॉल केलेत म्हणून ही अट सुटत नाही. सूट क्वचितच मिळते.

व्हिसा हातात आल्यावरचा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि घरात नेमकी त्यावरच कोणी चर्चा करत नाही. के-१ वर गेलेल्या मुलीने अर्ज करणाऱ्याशीच ९० दिवसांत लग्न करायचं. दुसऱ्याशी लग्न करून तिथे राहता येत नाही. लग्नानंतर ग्रीन कार्डचा वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि कामाचा परवाना येईपर्यंत घरी बसणं. मधेच आजीला बघायला ठाण्यात यायचं म्हटलं तरी आधी प्रवासाची परवानगी, नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. इथे आठ वर्षं नोकरी केलेल्या मुलीला हे जड जातं.

सीआर-१ वाली मात्र विमानतळावरून बाहेर पडते ती कायम रहिवासी म्हणूनच, दुसऱ्या दिवशी नोकरीला लागली तरी चालतं. तिथे पोचताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त आणि दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून घ्यायचा अर्ज करावा लागतो. हे के-१ वाल्यांनाही चुकत नाही. मुलाच्या उत्पन्नाच्या कागदांत थोडा फरक आहे: के-१ ला आधी अमेरिकन सरकारच्या दारिद्र्यरेषेइतकं उत्पन्न दाखवलं तरी भागतं, ग्रीन कार्डच्या वेळी मात्र त्या रेषेच्या १२५ टक्के लागतं.

मुलाखत दोन्हींची मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतच आणि गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला (पीसीसी) दोन्हींना लागतो, त्यामुळे वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची खेप काही टळत नाही.

मावसबहिणीकडे शेवटी सीआर-१ चं ठरलं. वकीलबाईंनी फोटो परत दिले. मुलगा पुढच्या खेपेला सहा आठवड्यांची रजा काढून येतोय.