बायबलचे शेजारी बोलू लागले तेव्हा

बायबल त्याच्या काळात आणि त्याच्या शेजारात ठेवून वाचावे, असे आज सर्रास सांगितले जाते. दोनशे वर्षांपूर्वी कोणी तसे ठरवले असते, तरी फारसे हाती लागले नसते. बाबेल (बाबिलोन) आणि अश्शूर या आजच्या इराकमधल्या प्राचीन राज्यांची ओळख मुख्यतः बायबल आणि ग्रीक लेखक करून देत. त्यांचे स्वतःचे म्हणणे कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या, लिपीत होते आणि ती लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते.

ती उलगडणाऱ्यांपैकी एक जण मुंबईमार्गे या कामापर्यंत पोहोचला. हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. पुढे त्याला इराणला धाडण्यात आले. १८३५ पासून त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर चढून प्राचीन इराणचा राजा दारयावेश याचा तीन भाषांतला कीलाकार लेख उतरवून घ्यायला सुरुवात केली. १८५७ मध्ये त्याच्यासह चौघा अभ्यासकांनी एकच अश्शूरी लेख स्वतंत्रपणे वाचून पाहिला. वाचने बऱ्यापैकी जुळली आणि लिपी सुटल्याबद्दलची शंका मिटली.

दरम्यान मोसुलजवळच्या निनवेतून, अश्शूरचा राजा अशुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहातल्या हजारो मृत्तिकापाट्या लंडनला पोहोचल्या होत्या. नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेल्या जॉर्ज स्मिथला त्यांत जलप्रलयाची कथा सापडली. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने ती वाचून दाखवली, तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. देवाची पूर्वसूचना, तारू, डोंगराला टेकलेले जहाज, सोडलेले पक्षी, बायबलातल्या नोहाच्या कथेसारखे सारे काही होते.

मग भांडण जुंपले. एका बाजूला ‘पाहा, बायबल खरे ठरले’, तर दुसऱ्या बाजूला ‘पाहा, बायबल उसने निघाले’. १९०२ मध्ये बर्लिनमध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, याच्यासमोर व्याख्यान देऊन अभ्यासक फ्रीडरिश डेलिच याने दुसऱ्या बाजूला मोठा जोर दिला. पुढे त्याच्या लिखाणात ज्यूद्वेष उघडच दिसू लागला, त्यामुळे हा वाद केवळ विद्वत्तेचा होता असे म्हणवत नाही.

माझ्या मते दोन्ही बाजू साम्यावरच अडकल्या. खरी गंमत फरकात आहे. बाबिलोनी अत्राहासिस काव्यात माणसांच्या गोंगाटाने देवाची झोपमोड होते, म्हणून पूर येतो. पुरानंतर माणसे फार वाढू नयेत अशी तजवीज केली जाते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात पुराचे कारण माणसांची दुष्टाई आहे आणि पुरानंतर नोहाला आज्ञा मिळते ती बहुगुणित होण्याची.

मारक्या बैलाचा कायदा तर शेजारी शेजारी ठेवूनच वाचावा. बाबेलचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेला शिलास्तंभ १९०१-०२ च्या उत्खननात इराणमधल्या सूसा येथे मिळाला. त्यानुसार, बैल मारका आहे अशी ताकीद मिळूनही मालकाने शिंगे बोथट केली नाहीत, त्याला बांधले नाही आणि बैलाने स्वतंत्र माणूस मारला, तर अर्धा मीना चांदी, म्हणजे ३० शेकेल दंड (मीना आणि शेकेल ही तेव्हाची वजने). गुलाम मेला तर २०. बैलाला शिक्षा नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात बैलाला दगडमार होतो, त्याचे मांसही खायचे नाही; ताकीद मिळालेल्या मालकालाही मरण, किंवा खंडणी भरून सुटका. दोन्हीकडे खटला तोच, पण इस्राएलात मनुष्यहत्येचा दोष जनावरालाही लागतो. गुलामाच्या बाबतीत मात्र तिथेही ३० शेकेलांवर भागते, हे झाकून चालणार नाही.

सीरियाच्या किनाऱ्यावर १९२८ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला आणि पुढच्या वर्षी उगारित नगराचे उत्खनन सुरू झाले. तिथल्या पाट्यांत बआल हा मेघांवर स्वार होणारा देव आहे आणि लोतान नावाच्या सात डोक्यांच्या सर्पाचा वध आहे. बायबलच्या ७४व्या स्तोत्रात एकट्या लिव्याथान या समुद्री राक्षसाची ‘मस्तके’ अनेकवचनी का, याचे उत्तर इथे मिळते.

म्हणून स्तोत्रकर्त्याने उगारितची पाटी समोर ठेवून लिहिले असे नव्हे. ते नगर इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास उद्ध्वस्त झाले होते. अशा घाईच्या तुलनांना बायबलचा अभ्यासक सॅम्युएल सँडमेल याने १९६२ मध्ये साम्य शोधण्याचे वेडच म्हटले. सर्पाची गोष्ट त्या किनाऱ्यावर आधीपासून लोकांच्या तोंडी असणार. स्तोत्रकर्त्याने ती बआलाकडून काढून आपल्या परमेश्वराच्या नावावर केली.