सेल्फ-स्टोरेज केंद्रासाठी जागेची निवड

घरातले किंवा धंद्यातले जादा सामान ठेवायला लहान-मोठे गाळे महिन्याच्या भाड्याने देणारे केंद्र म्हणजे सेल्फ-स्टोरेज. गाळ्याला कुलूप ग्राहकाचे, किल्लीही त्याच्याकडेच. या व्यवसायाचे आजचे रूप १९६० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सासमध्ये घडले. इमारत साधी आणि नोकर मोजके असल्याने नफा-तोट्याचा मोठा हिस्सा जागा घेतानाच ठरून जातो.

बहुतेक ग्राहक साधारण पाच ते आठ किलोमीटरांच्या आतून येतात. दाट शहरात हा पट्टा आणखी आकसतो, विरळ वस्तीत पसरतो. नकाशावर कंपासने काढलेले वर्तुळ मात्र फसवे असते. मध्ये नदी किंवा रेल्वेमार्ग असला की पलीकडची वस्ती हिशेबातून जवळजवळ वजाच होते. म्हणून किलोमीटरांपेक्षा गाडीने लागणारी मिनिटे मोजणे बरे. नुसती लोकसंख्याही पुरेशी नाही. भाडेकरू, लहान सदनिकांतली कुटुंबे, बदलीची नोकरी करणारे, विद्यार्थी आणि स्वतःचे गोदाम न परवडणारे छोटे व्यापारी किती आहेत, हे पाहावे लागते. गाळ्याची गरज बहुधा स्थलांतर, घटस्फोट, कुणाच्या मृत्यूनंतर घर रिकामे करणे, मोठ्या घरातून लहान घरात जाणे अशा प्रसंगी उद्भवते. माणूस घाईत असतो, फार शोधाशोध करत नाही. रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर ज्याची पाटी दिसते ते केंद्र त्याला आधी आठवते. आडबाजूची स्वस्त जमीन त्यामुळे पुष्कळदा महागात पडते: जमिनीत वाचलेला पैसा पुढे जाहिरातीत आणि रिकाम्या गाळ्यांत जातो.

परिसरात आधीच किती जागा उपलब्ध आहे, हे दरडोई चौरस फुटांत मोजतात. अमेरिकेत ही सरासरी सहा-सात चौरस फुटांच्या घरात आहे, तर युरोपातील बहुतेक देशांत एकाहूनही कमी. एका देशाचा आकडा दुसरीकडे मापदंड म्हणून वापरण्यात म्हणूनच अर्थ नसतो. परवानगी मिळालेली, पण अजून न बांधलेली केंद्रेही मोजणीत धरावीत. नवे केंद्र पुरते भरायला सहसा दोन ते चार वर्षे लागतात आणि तेवढ्यात शेजारी दुसरे उभे राहू शकते. आसपासच्या केंद्रांत ‘पहिला महिना मोफत’ अशा सवलती सरसकट दिसत असतील, तर जागा जादा झाल्याचा तो बऱ्यापैकी भरवशाचा इशारा आहे.

भूखंडाबाबत पहिला प्रश्न भूवापराचा. अनेक ठिकाणी नियोजन आराखडा निवासी विभागात असे केंद्र चालू देत नाही. पूररेषेतली जमीन टाळावी. सामान एकदा भिजले की विश्वास परत मिळवणे कठीण. गाडी थेट शटरपर्यंत नेता येणाऱ्या एकमजली केंद्रात वाटा आणि ट्रक वळवण्याची मोकळी जागा धरता निम्म्याहून कमी भूखंडावर बांधकाम होते, म्हणून महाग जमिनीवर लिफ्ट असलेली बहुमजली इमारतच परवडते. बंद पडलेली मोठी दुकाने घेऊन त्यांचे गाळे पाडण्याचा मार्गही रूढ आहे. वरच्या मजल्यांवर मात्र भारक्षमता तपासावी लागते: साठवणीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार धरतात, तर कार्यालयाचा मजला बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी भारासाठी बांधलेला असतो.