पाय गरम होईपर्यंत

कोकणात लाल विंचवाला कुणी हलक्यात घेत नाही. चिऱ्याच्या गडग्यात, जळाऊ लाकडांच्या ढिगात, भाताच्या उडवीखाली तो दबा धरून असतो. त्याचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं वेळेवर बंद होऊ देत नाही. मग अंगात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, चढलेला रक्तदाब, गार पडलेले हातपाय. पुढे हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. एके काळी विष असं अंगात भिनलेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत.

महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे मृत्यू जवळून पाहिले. त्यांनी या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करतं. त्यांचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. ही गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत आहे. औषध कुठलं, हे सगळे सांगतात. ते दिलं कसं जातं, ही त्यातली तितकीच मोलाची बाजू मात्र राहून जाते.

मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लहान मुलाला वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण पहिल्या मात्रेनंतर उठून बसला तर रक्तदाब धाडकन उतरू शकतो. दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब, श्वास बघायचा. तीन तासांनी पुन्हा मात्रा, मग पुन्हा तीन तासांनी. कुठवर? हातपाय गरम होईपर्यंत. किती गोळ्या लागतील ते आधी ठरलेलं नसतं. ते रुग्णाचे तळवे ठरवतात.

इंजिनिअर याला फीडबॅक म्हणतात. मोजायचं, हवं त्याच्याशी ताडायचं, फरक पाहून पुढचं पाऊल टाकायचं. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रांचं गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं. कंट्रोल थिअरी नावाच्या शास्त्राच्या मुळाशी तो निबंध आहे. ‘दिवसातून दोनदा, पाच दिवस’ या चिठ्ठीत असा फीडबॅक नसतो. तिथे मात्रा सरासरी माणसासाठी ठरलेली असते. बहुतेक औषधांना तेवढं पुरतं, कारण थोडं कमी-जास्त झालं तरी बिघडत नाही. पण पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात फारसं अंतर नसेल, तर मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

आता त्या तीन तासांकडे बघा. पोटात गेलेल्या प्राझोसिनचं रक्तातलं प्रमाण शिगेला पोचायला साधारण दोन-तीन तास लागतात. म्हणजे आधीच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसल्यावरच पुढची द्यायची. ‘पाय अजून गारच आहेत’ म्हणून घाईने तासाभरात दुसरी दिली, तर दोन्ही एकदम लागू होतील. नवख्याच्या हाती सुकाणू दिलं की होडी अशीच नागमोडी जाते. तो वळवतो, होडी लगेच वळत नाही, म्हणून आणखी वळवतो. ती वळायला लागते तेव्हा फार वळते, की लगेच उलटीकडे. तांडेल थोडं वळवून थांबतो. दिरंगाई असलेल्या व्यवस्थेत जोर लावण्यापेक्षा थांबणं कठीण असतं, आणि नियंत्रणाचं निम्मं गणित या थांबण्याचंच आहे.

इन्सुलिनवर असलेल्यांना हे रोज भोगावं लागतं. गणपतीत मोदक झाले, तासाभराने बोट टोचलं, साखर चढलेली दिसली, की वाढीव इन्सुलिन टोचायचा मोह होतो. पण कातडीखाली दिलेलं जलद इन्सुलिनसुद्धा तीन-चार तास काम करत राहतं. जेवणाआधीचा डोस अजून संपलेला नसतो, त्यावर दुसरा चढतो आणि संध्याकाळी साखर फार उतरून, घाम फुटून हात थरथरायला लागतात. शिवाय इन्सुलिन साखर फक्त उतरवतं. एकदा दिलेलं परत काढून घेता येत नाही.

साखर स्वतः मोजून इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाला म्हणूनच मागच्या डोसातलं किती अंगात शिल्लक आहे, याचा हिशेब ठेवावा लागतो. त्याचा सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. असा पहिला पंप अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाला, पण जेवायला बसताना किती कर्बोदकं खाणार ते त्याला माणसानेच सांगायचं होतं. साखर चढल्यावर धावण्यापेक्षा ती चढणार हे आधीच कळलेलं बरं. विंचवाच्या बाबतीत असं परिणामाआधी कारणाकडे वळण्याचं काम प्रतिविष करतं. प्राझोसिन विषाच्या परिणामाशी झुंजतं, प्रतिविष विषालाच गाठतं. बावस्करांनीच २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं, की दोन्ही मिळून दिली तर रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतो.

सगळ्यात लांबलेली दिरंगाई वॉरफरिनची. रक्त पातळ ठेवायच्या या गोळीचा डोस आज बदलला तर पूर्ण परिणाम कळायला आठवडाभर जातो, कारण यकृताने आधी बनवून ठेवलेले गोठणघटक संपायला वेळ लागतो. त्यात श्रावणात पालेभाज्या वाढल्या, की त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत कळतं; तिचा आकडा बहुतेकांमध्ये दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो. आडगावच्या रुग्णाची तपासणी किती दिवसांनी व्हायची, हे मात्र औषधाच्या गतीवर ठरत नाही. एसटी आणि तालुक्याची लॅब यांवर ठरतं. ही तपासणी लागत नाही अशी नवी औषधं आली आहेत, पण हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांना ती चालत नाहीत. बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारं छोटं यंत्र मिळतं. माझ्या मते या रुग्णांसाठी नव्या औषधाआधी ते यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात यायला हवं.