पुनरावृत्ती आणि भाषा : कृष्णवर्णीय प्रायोगिक संगीत व दृश्यकला
एखादा शब्द, वाक्य किंवा स्वरसमूह पुनःपुन्हा योजून त्याचा अर्थ गडद करण्याची, कधी तो पुसट होईपर्यंत ताणण्याची, अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या कलावंतांची रीत. आपल्याकडे साहित्यशास्त्राने पुनरुक्ती हा काव्यदोष मानला असल्याने येथे ‘पुनरावृत्ती’ हीच संज्ञा वापरली आहे.

या रीतीच्या उगमाविषयी एकमत नाही. कवी-समीक्षक अमीरी बराका यांनी १९६६ मध्ये कृष्णवर्णीय संगीताचे वर्णन ‘बदलत राहणारे तेच ते’ असे केले. समीक्षक जेम्स स्नीड यांनी १९८१ च्या निबंधात याला सैद्धांतिक बैठक दिली. त्यांच्या मते आधुनिक युरोपीय संस्कृती पुनरावृत्तीला प्रगतीच्या कल्पनेआड झाकते, तर कृष्णवर्णीय संस्कृती ती उघड मिरवते. आवर्तन मध्येच तोडून पुन्हा आरंभाशी येण्याच्या क्रियेला ते ‘कट’ म्हणतात आणि गायक जेम्स ब्राउन यांच्या संगीतात ती दाखवतात. दुसरा पक्ष १९६० नंतरच्या पुनरावृत्तिप्रधान संगीताचे मूळ ध्वनिफितीवरील एकच तुकडा फिरवत ठेवण्याच्या तंत्रात शोधतो. या प्रवाहातील अग्रणी गौरवर्णीय संगीतकार स्टीव्ह राइश हे १९७० मध्ये घानाला ढोलवादन शिकायला गेले. त्यांच्या महत्त्वाच्या फीत-रचना त्याआधीच्या असल्याने आफ्रिकी ऋण नंतरचे ठरवण्याचा मोह होतो. परंतु जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या एकाच स्वराधारावर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या वादनाचा प्रभाव राइश यांनी स्वतः मान्य केला आहे. त्यामुळे तंत्र फितीचे असले, तरी कान आधीच जॅझने घडवला होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

राइश यांची ‘कम आउट’ (१९६६) ही रचना येथे टाळता येत नाही, कारण तिच्यातला आवाज डॅनियल हॅम या न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणाचा आहे. १९६४ मध्ये पोलिसांनी त्याला मारहाण केली. रक्त वाहताना दिसल्याशिवाय इस्पितळात नेत नाहीत, म्हणून त्याने स्वतःचा काळानिळा पडलेला मार दाबून फोडला. ‘त्यांना दाखवायला बाहेर यावे’ या आशयाचे त्याचे चार-पाच शब्द फितीच्या दोन पट्ट्यांवर एकाच वेळी सुरू होतात, हळूहळू एकमेकांपासून सरकतात, आवाज दोनांचे चार, चारांचे आठ होतात आणि सुमारे तेरा मिनिटांत शब्द विरून नुसता नाद उरतो. हॅम व त्याच्या साथीदारांवरील खटल्याच्या पुनर्सुनावणीसाठी निधी उभारायला केलेल्या या रचनेत साक्ष देणाऱ्याचे बोलणेच ऐकू येईनासे होते, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे.

कृष्णवर्णीय संगीतकार ज्यूलियस ईस्टमन (१९४०–९०) यांची पुनरावृत्ती साठवत जाणारी आहे. प्रत्येक नव्या खंडात आधीच्या खंडांतील सामग्री राहते, थोडी नवी येते, थोडी गळते. याला ते ‘सेंद्रिय संगीत’ म्हणत. ‘प्रिल्यूड टू द होली प्रेझेन्स ऑफ जोन द आर्क’ (१९८१) मध्ये एकटा गायक ‘संत मायकेल म्हणाले, संत मार्गारेट म्हणाल्या’ अशी नावे आळवीत जोन या फ्रेंच वीरांगनेला निर्भयपणे बोलण्यास सांगतो. सुमारे १९७९ च्या काही रचनांच्या शीर्षकांत त्यांनी वंशद्वेषी शिवी योजली. १९८० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आक्षेपांमुळे ही शीर्षके कार्यक्रमपत्रिकेत छापली गेली नाहीत. ईस्टमन यांनी ती मंचावरून स्वतः समजावून सांगितली. घरातून बाहेर काढले गेले तेव्हा त्यांची बरीच स्वरलेखने गेली. आजचे आकलन मुख्यतः शिल्लक राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर उभे आहे.

दृश्यकलेत ग्लेन लिगन (जन्म १९६०) यांचे काम सर्वांत ठळक. १९९० च्या सुमारास त्यांनी पांढऱ्या रंगाने लिंपलेल्या दरवाजाच्या फळीवर लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या १९२८ च्या निबंधातील एक वाक्य वरपासून खालपर्यंत उमटवले. ‘झगझगीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर मला भिरकावले जाते, तेव्हा माझा वर्ण मला सर्वाधिक जाणवतो’ असा त्याचा आशय. अक्षरे साच्यातून तैलखडूने घासलेली आहेत. साचा खाली सरकताना त्याला चिकटलेला काळा रंग पुढच्या ओळीला माखतो. वरची ओळ स्वच्छ, तळाची जवळपास अवाच्य. फासलेला रंग आणि वाक्याचा अर्थ येथे एकच काम करतात. लेखक जेम्स बाल्डविन यांच्या गद्यावरील पुढील चित्रांत त्यांनी कोळशाची पूड वापरली.

२०१४–१५ मध्ये लिगन हॅमच्या शब्दांकडे वळले आणि ते एकावर एक थर देत छापले. साक्षीत ‘ब्रूझ’ म्हणजे मुका मार म्हणताना हॅमची जीभ ‘ब्लूज’कडे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या विषादगीतांच्या नावाकडे, वळली होती. राइश यांनी फिरवत ठेवलेल्या शब्दांत नसलेली ती अडखळ लिगन यांनी उचलली. २०१५ च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मध्यवर्ती दालनाच्या दर्शनी भागावर निऑनमध्ये तीनच शब्द होते : ब्लूज, ब्लड (रक्त), ब्रूझ.